वाचकांचे प्रश्न : हृदयाच्या आवरणाचे आजार

हृदयविकाराविषयी आलेल्या पत्रांपैकी हृदयाच्या आवरणासंबंधीची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. झडपा आणि रक्तवाहिन्या यांच्याविषयी आता घरोघरी बोलले जाते. आवरणाचे नाव मात्र बहुतेकांच्या वाचनात पहिल्यांदा येते ते टू-डी इकोच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र घेणाऱ्या तपासणीच्या, अहवालातच. हृदय ज्या पिशवीत असते तिला हृदयावरण किंवा पेरिकार्डियम म्हणतात. तिचा बाहेरचा पदर जाड आणि चिवट असतो. आतला पदर अतिशय पातळ असून तो स्वतःवरच दुमडलेला असतो, त्यामुळे त्याचा एक थर हृदयाला चिकटून राहतो आणि दुसरा बाहेरच्या पदराला आतून लागून असतो. या दोन थरांच्या मध्ये निरोगी माणसातही 15 ते 50 मिलिलिटर द्रव असतो आणि त्यामुळे हृदयाची हालचाल घर्षणावाचून होते. या पिशवीला सूज येते, तिच्यात पाणी साठते किंवा ती घट्ट होऊन हृदयाला आवळते. पुढील बहुतेक पत्रे या तीनांपैकी कशाविषयी तरी आहेत.

प्रश्न : माझे वय 29 आहे. दोन महिन्यांपूर्वी पहाटे छातीत तीव्र वेदना सुरू झाल्या. झोपले की वाढत, उठून पुढे वाकून बसले की कमी होत. ईसीजीत दोष दिसल्यामुळे हृदयविकाराचा झटका समजून अँजिओग्राफी केली. ती पूर्णपणे चांगली आली. नंतर पेरिकार्डायटिसचे निदान झाले. वेदना आठवड्यात थांबल्या, तरी कोल्चिसिन नावाची गोळी तीन महिने घ्यायला सांगितली आहे. माझ्या काकांना ती संधिवातासाठी दिली होती. मला तिची खरोखर गरज आहे का? आणि व्यायामशाळेत कधी जाता येईल? हृदयाचे आवरण पुढे घट्ट होईल या भीतीने झोपही उडाली आहे. – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : झोपल्यावर वाढणारी आणि पुढे वाकल्यावर कमी होणारी वेदना हे हृदयावरणाच्या तीव्र दाहाचे अगदी नेमके लक्षण आहे. दीर्घ श्वास घेताना ती टोचते आणि पुष्कळदा मानेपासून खांद्याकडे उतरणाऱ्या स्नायूतही जाणवते. ईसीजीतील बदल हृदयविकाराच्या झटक्यासारखेच भासतात; फरक असा, की झटक्यात ते बंद पडलेल्या रक्तवाहिनीच्या हद्दीपुरते असतात, तर आवरणाच्या दाहात ईसीजीच्या जवळजवळ सगळ्याच लीड्समध्ये, म्हणजे वेगवेगळ्या दिशांनी घेतलेल्या आलेखांत, दिसतात. शंकेला जागा असताना अँजिओग्राफी करून घेतली हे योग्यच झाले, त्या खर्चाची रुखरुख बाळगू नये. आपल्या भागात छातीतील दुखणे पित्तावर ढकलून घरी सोडा घेत बसण्याची सवय जास्त आहे, आणि तिच्यामुळे होणारे नुकसान एका निष्पन्न न झालेल्या अँजिओग्राफीपेक्षा कितीतरी मोठे असते.

तरुण माणसात हा दाह बहुतेक वेळा विषाणूमुळे होतो आणि कोणता विषाणू हे शोधूनही उपचारात फरक पडत नसल्यामुळे तो सहसा शोधला जात नाही. पहिले एक-दोन आठवडे आयबुप्रोफेन किंवा जास्त मात्रेतील ॲस्पिरिन देऊन, शरीरातील सूज दाखवणाऱ्या सीआरपी या रक्ततपासणीकडे पाहत ते हळूहळू कमी केले जाते. कोल्चिसिनचे काम वेगळे आहे. ते दुखणे लवकर शमवते, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे आजार उलटू देत नाही. इटलीत झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिल्यांदाच हा आजार झालेल्या 240 रुग्णांपैकी निम्म्यांना कोल्चिसिन आणि निम्म्यांना निष्क्रिय गोळी तीन महिने देण्यात आली. आजार रेंगाळण्याचे किंवा उलटण्याचे प्रमाण दुसऱ्या गटात 37.5 टक्के होते, तर कोल्चिसिन घेणाऱ्यांत 16.7 टक्के. तेव्हा वेदना थांबल्या म्हणून गोळी थांबवू नये. पोट बिघडणे हा तिचा नेहमीचा त्रास असून मात्रा कमी केल्यास तो बहुधा आटोक्यात येतो. मूत्रपिंड कमकुवत असलेल्यांनी आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक घेत असलेल्यांनी मात्र ही गोष्ट डॉक्टरांना सांगितल्यावाचून ती घेऊ नये. जाता जाता एक इशारा देतो, कारण तसे विचारणारे भेटतात : कळलावीच्या कंदात आणि बियांत हेच द्रव्य असते, परंतु त्याची मात्रा मोजता येत नसल्यामुळे तो कंद उगाळून घेणे जिवावर बेतू शकते.

स्टेरॉइडने या आजारात वेदना झपाट्याने थांबतात आणि म्हणूनच ते देण्याचा मोह होतो. पण सुरुवातीलाच दिलेल्या स्टेरॉइडमुळे आजार उलटण्याची शक्यता वाढते. इतर औषधे चालत नसतील किंवा आजाराचे मूळच तसे असेल, तरच ते द्यावे असे माझे मत आहे. व्यायामशाळेविषयी सांगायचे तर लक्षणे पूर्ण थांबलेली असावीत आणि सीआरपी, ईसीजी व इको पूर्ववत झालेले असावेत. सुरुवातीच्या रक्ततपासणीत ट्रोपोनिन वाढलेले असेल, तर हृदयाच्या स्नायूलाही सूज होती असे समजून निदान तीन ते सहा महिने जोराचा व्यायाम बंद ठेवावा लागतो. तो कागद शोधून आपल्या डॉक्टरांना पुन्हा दाखवावा. हृदयाचे आवरण पुढे घट्ट होईल या भीतीने झोप उडाली असल्याचे आपण लिहिले आहे; विषाणूजन्य दाहानंतर तसे होण्याचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आहे.

प्रश्न : माझी आई विड्या वळते. वय 46. दीड-दोन महिने संध्याकाळी ताप, वजन घटणे आणि नंतर दम लागणे असे सुरू होते. टू-डी इकोत हृदयाभोवती खूप पाणी दिसले आणि त्याच रात्री सुईने सातशे मिलिलिटर पाणी काढले. आता टीबीची औषधे चालू आहेत. महिन्याभरात ती इतकी सुधारली, की पुन्हा कामाला बसू म्हणते आणि गोळ्या गरम पडतात म्हणून बंद करायच्या म्हणते. पाणी निघून गेले आहे, तरी सहा महिने औषध का? हा आजार आम्हा मुलांना लागेल का? तंबाखूमुळे झाला का? – एक वाचक, विडी घरकुल

उत्तर : या पत्राचे उत्तर मी सविस्तर देत आहे, कारण आपल्याकडे हृदयाभोवती मोठ्या प्रमाणात पाणी झालेला, ताप येत असलेला आणि वजन घटलेला रुग्ण समोर आला की दुसरे काही सिद्ध होईपर्यंत क्षयाचाच विचार प्रथम करावा लागतो. युरोप-अमेरिकेतील पुस्तकांत हे कारण बरेच खाली लिहिलेले असते. ती पुस्तके चुकीची नाहीत. त्यांचे रुग्ण वेगळे आहेत.

त्या रात्री पाणी का काढावे लागले, हे आधी समजून घ्या. कातड्याची पखाल एका झटक्यात ताणली जात नाही, पण हळूहळू भरत गेली तर सैलावते. या पिशवीचेही तसेच आहे. जखमेमुळे अचानक रक्त साठले तर दीडशे-दोनशे मिलिलिटरही हृदय दाबून टाकायला पुरतात, आणि आठवडे-महिने घेऊन साठलेले पाणी एक लिटरच्या वर गेले तरी माणूस चालत दवाखान्यात येतो. मात्र सैलावण्याची मर्यादा संपली, की पुढच्या थोड्याशा पाण्यानेही आतील दाब एकदम चढतो, हृदयाच्या कप्प्यांत रक्त उतरेनासे होते, रक्तदाब पडतो आणि मानेच्या शिरा फुगतात. याला टॅम्पोनाड म्हणतात. श्वास आत घेताना नाडी लक्षणीय क्षीण होणे ही त्याची जुनी, आजही उपयोगी पडणारी खूण आहे. या अवस्थेत लघवी वाढवणाऱ्या गोळ्या देऊन पाणी उतरवू पाहणे धोक्याचे असते, कारण हृदयात येणारे रक्त त्यामुळे आणखी कमी होते. बरगड्यांच्या खालच्या टोकाशी किंवा इकोत जिथे पाणी सर्वांत जवळ दिसेल तिथे सुई घालून ते बाहेर काढणे हाच त्या वेळचा उपचार आहे.

परंतु पाणी काढल्याने आईचा जीव वाचला, आजार गेला नाही. क्षयाचे जंतू बहुधा छातीच्या मध्यभागातील गाठींतून किंवा रक्तावाटे आवरणापर्यंत पोचतात आणि पाणी आटल्यानंतरही त्या पदरांत राहतात. पाण्यात ते प्रत्यक्ष सापडणे अवघड असते. क्षयाचे जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणी त्या पाण्यावर करतात, पण ती निगेटिव्ह आली म्हणून क्षय नाही असे ठरत नाही. एडीए नावाच्या घटकाचे प्रमाण 40 युनिटच्या वर असेल, तर लक्षणांशी ताडून निदान पक्के करतात. आईच्या कागदांत हे आकडे असतील, ते जपून ठेवावेत.

सहा महिन्यांपैकी पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे, रोज, वजनानुसार, असा राष्ट्रीय कार्यक्रमाचा क्रम आहे. महिन्याभरात बरे वाटते ते जंतूंची संख्या घटल्यामुळे. ते संपल्यामुळे नव्हे. औषध मध्येच सोडले तर दोन गोष्टी घडू शकतात : उरलेले जंतू त्या औषधांना दाद देईनासे होतात, किंवा सूज धुमसत राहून आवरण जाड आणि कडक होते. क्षयजन्य आजारात हे कडक होण्याचे प्रमाण विषाणूजन्य आजाराच्या मानाने फारच अधिक असते, साधारण पाचांत एक. वर जुळे सोलापूरच्या वाचकाला दिलेला दिलासा म्हणून आईला लागू पडत नाही. ‘गरम पडतात’ म्हणजे नेमके काय होते, हे आईला विचारा. लघवी नारिंगी होणे हा या गोळ्यांतील रिफाम्पिसिनचा रंग आहे, त्याने अपाय होत नाही. भूक पूर्ण मरणे, सतत उलट्या, डोळे पिवळे होणे किंवा नजर अंधुक होणे यांपैकी काही असेल, तर गोळ्या स्वतःहून बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

स्टेरॉइडविषयी आपण विचारले नाही, पण ते चालू असेल तर शेजारीपाजारी त्यावर मते देतील म्हणून लिहितो. आफ्रिकेतील आठ देशांत 1400 रुग्णांवर झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडमुळे मृत्यू कमी झाले नाहीत. आवरण घट्ट होण्याचे प्रमाण मात्र 7.8 वरून 4.4 टक्क्यांवर आले. एचआयव्हीबाधित रुग्णांत त्याचबरोबर काही कर्करोगांचे प्रमाण वाढले. म्हणून ते कोणाला द्यायचे हे एचआयव्हीची तपासणी पाहून ठरवले जाते.

आवरणाचा क्षय खोकल्यातून पसरत नाही. फुप्फुसातही क्षय असेल तर मात्र पसरतो, त्यामुळे आईचा छातीचा एक्स-रे आणि बेडका असल्यास त्याची तपासणी झाली आहे ना, हे पाहावे आणि घरातील सर्वांनी एकदा तपासून घ्यावे. तंबाखूची धूळ हे या आजाराचे थेट कारण नाही. धूम्रपान, अपुरे खाणे, दाटीवाटीची आणि कमी उजेडाची घरे यांनी क्षयाचा धोका वाढतो, आणि सोलापूरच्या पूर्व भागातील कोणत्याही कामगार वस्तीत शिरल्यावर याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. औषधे सरकारी केंद्रात विनामूल्य मिळतात आणि नोंदणी झालेल्या रुग्णाला पोषणासाठी दरमहा 1000 रुपये बँक खात्यात जमा होतात. नोव्हेंबर 2024 पूर्वी ही रक्कम 500 रुपये होती. आईच्या खात्यात ती येत नसेल तर क्षयरोग केंद्रात खात्याचा तपशील नोंदवला आहे का, ते विचारावे. कामाला बसण्याची घाई पहिले दोन महिने तरी नको आणि ठरवून दिलेल्या तारखेचा इको चुकवू नये.

प्रश्न : सर्वसाधारण तपासणीत माझ्या इकोच्या अहवालावर आवरणात किंचित द्रव असल्याचे लिहिले आहे. मला कसलाही त्रास नाही. वय 64, निवृत्त शिक्षिका. – एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : इकोत द्रवाच्या थराची जाडी 10 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर तो अल्प, 10 ते 20 असेल तर मध्यम आणि 20 च्या वर असेल तर मोठा समजतात. आपला आकडा 4 मिलिमीटर आहे आणि तोही केवळ मागच्या बाजूस. कधी कधी हृदयावरील चरबीचा थरच द्रवासारखा दिसतो. एकदा थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणी करून घ्यावी, कारण थायरॉइडचे काम मंदावले असताना या पिशवीत हळूहळू पाणी साठते आणि थायरॉक्सिन सुरू केल्यावर काही महिन्यांत आपोआप ओसरते. ती ठीक असेल तर दुसरे काहीही करू नये.

प्रश्न : माझे मोठे बंधू शेती करतात, वय 52. दोन वर्षांपासून त्यांचे पोट पाण्याने फुगते, पायांवरही सूज आहे. यकृताचा आजार म्हणून उपचार झाले. त्यांनी आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नाही, तरी गावात कुजबुज झाली आणि भावकीतही बोलणी खावी लागली. आता सीटी स्कॅन करून हृदयाभोवती कॅल्शियम जमले आहे, ऑपरेशन करावे लागेल असे सांगतात. हे दोन वर्षे कसे कळले नाही? ऑपरेशन टाळता येईल का? – एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : आवरण घट्ट झाले की हृदय आकुंचन पावू शकते, पण पुरेसे सैल होऊन भरू शकत नाही. मग परत येणारे रक्त मागे तुंबते. पहिला भार यकृतावर पडतो. ते सुजते, कालांतराने कडक होते आणि पोटात पाणी साठते. त्यामुळे पोटाची सोनोग्राफी पाहणाऱ्याला यकृताचाच आजार दिसतो आणि त्यात त्याचे फारसे चुकत नाही. प्राग येथील फ्रीडेल पिक या वैद्याने 1896 मध्येच हे वर्णन करून ठेवले आहे, आणि तरीही जगभर अशा रुग्णांची वर्षे यकृताच्या औषधांत जातात. ओळखण्याची किल्ली मानेत असते. यकृताच्या आजारात मानेच्या शिरा सहसा फुगलेल्या नसतात; इथे रुग्ण टेकून बसलेला असतानाही त्या जबड्यापर्यंत भरलेल्या दिसतात आणि श्वास आत घेताना उतरण्याऐवजी आणखी वर चढतात. पायांच्या मानाने पोट फार मोठे असणे ही दुसरी खूण. सदऱ्याची वरची दोन बटणे काढून मान पाहायला पैसे पडत नाहीत, आणि पोटात पाणी झालेल्या प्रत्येक रुग्णाची ती पाहिली जावी असा माझा आग्रह आहे. दारू न पिणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे हीसुद्धा तपासणीची एक पायरीच आहे.

ऑपरेशनविषयी : आवरणाला अद्याप सूज आहे, ते नुकतेच घट्ट होऊ लागले आहे अशा अवस्थेत दाह कमी करणारी औषधे दोन-तीन महिने देऊन पाहतात आणि काही रुग्ण त्याने बरे होतात. बंधूंच्या आवरणात कॅल्शियम जमले आहे, म्हणजे ती वेळ मागे पडली. लघवीच्या गोळ्यांनी सूज तात्पुरती उतरेल, आवळणे सुटणार नाही. शस्त्रक्रियेत हृदयावरील आवरण शक्य तितके पूर्ण सोलून काढले जाते. ती मोठी शस्त्रक्रिया असून तिच्यातील मृत्यूचे प्रमाण साधारण 6 ते 12 टक्के सांगितले जाते, आणि यकृत, मूत्रपिंड व हृदयाचा स्नायू थकत गेला तसे ते वाढते. म्हणूनच उशीर करू नये. अशा शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या शल्यचिकित्सकांकडेच जावे, मग त्यासाठी पुण्या-मुंबईला जावे लागले तरी चालेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्या रुग्णालयाचा समावेश आहे का आणि कोणती कागदपत्रे लागतील, हे तेथील आरोग्यमित्राला आधी विचारावे. जुन्या क्षयाची शंका असल्याने काढलेला तुकडा तपासणीला पाठवण्यास सांगावे. शस्त्रक्रियेनंतर पोट काही दिवसांत उतरते असे नाही. पुष्कळांना पूर्ण बरे वाटायला काही महिने लागतात.

प्रश्न : पतींचे आठवड्यातून दोन वेळा डायलिसिस होते. आता आवरणात पाणी झाले आहे. वेदनाशामक गोळी देऊ का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : स्वतःहून अजिबात देऊ नये. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णात डायलिसिस अपुरे पडल्यामुळेही आवरणाला सूज येते आणि तिचा मुख्य उपचार डायलिसिसच्या फेऱ्या वाढवणे हाच असतो. पाण्यात रक्त उतरू नये म्हणून त्या काळात हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध टाळतात, याची आठवण तंत्रज्ञांना करून द्यावी. कोल्चिसिनही अशा रुग्णांसाठी नाही. डायलिसिस चालू असताना पूर्वी पडत नसलेला रक्तदाब आता वारंवार पडू लागला असेल, तर पुढच्या फेरीची वाट न पाहता इको करून घ्यावा.

प्रश्न : एक्स-रेत हृदयाच्या उजव्या बाजूला गोल सावली दिसली आणि सीटीत आवरणाची पाण्याची गाठ असल्याचे निदान झाले. कर्करोग होईल का? – एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर : नाही. ही गाठ जन्मजात असते, बहुधा याच जागी असते आणि आयुष्यभर काही त्रास देत नाही. दाबाची लक्षणे नसतील तर अधूनमधून आकार पाहणे पुरे.

प्रश्न : वडिलांची बायपास होऊन पाच आठवडे झाले. त्यांना पुन्हा ताप आणि छातीत दुखणे सुरू झाले. आवरणाला सूज असून थोडे पाणी आहे. टाके सुटले का? दरवर्षी ते सोलापूरहून पंढरपूरला आषाढीला पायी जातात, यंदा अडीच महिन्यांनी जाता येईल का? – एक वाचक, अशोक चौक

उत्तर : टाक्यांशी याचा संबंध नाही. शस्त्रक्रियेत आवरण उघडावे लागते, आणि त्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी शरीराची प्रतिकारयंत्रणाच त्या जागी सूज निर्माण करते. जखमेत जंतुसंसर्ग नाही एवढी खात्री करून घेतली, की ॲस्पिरिनची मात्रा वाढवून आणि कोल्चिसिन देऊन बहुतेक रुग्ण बरे होतात. ते रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी घेत असतील, तर पाण्यात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो; रक्त किती पातळ झाले आहे हे सांगणारी आयएनआर तपासणी करून तिची मात्रा शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. एकाएकी दम लागला, घेरी आली किंवा लघवी कमी झाली तर रात्रीही रुग्णालय गाठावे.

वारीविषयी आज होकार देता येत नाही. सत्तरेक किलोमीटर उन्हापावसात चालण्यापूर्वी सीआरपी उतरलेला, इकोत पाणी गेलेले आणि वडील घराजवळ रोज अर्धा-पाऊण तास दम न लागता चालणारे असावेत. हे सारे निघण्याच्या तीन आठवडे आधी जमले असेल, तरच डॉक्टरांना पुन्हा विचारावे. जमले नसेल तर पंढरपूरजवळच्या वाखरीपर्यंत वाहनाने जावे आणि तिथून झेपेल तेवढेच चालावे. कोल्चिसिनची पट्टी आणि शेवटच्या इकोचा कागद पिशवीत असू द्यावा.